पाणी कुणी घालायचं

रंभा : तुझ्या भावाला सांग, चर्चात एकट्यानं जा. माझ्या तोंडात आता फादरच्या हातची ती भाकर जायची नाय.

शांती : वहिनी, आज ईस्टर आहे. जनूदादा अंगणात ताटकळलाय.

रंभा : ताटकळू दे. मी नाय ताटकळले? पोर जन्मलं ते निळं पडत चाललं, आन् हा सायकल काढून पेणला पळाला, फादरला आणायला. बाप्तिस्मा फादरच देतो ना! घरात पाण्याची कळशी भरलेली, आन् मी दाराकडं बघत बसले.

शांती : तुम्हा दोघांना कुणी सांगितलंच नव्हतं.

रंभा : सांगितलं की, फादरनंच. पोर गेल्यावर. म्हणे, अशा वेळी कुणीही डोक्यावर पाणी घातलं तरी बाप्तिस्मा होतो. दर रविवारी घसा फोडून बोलतात, आन् मिठागरावरच्या बाईला एवढं सांगायला जीभ दुखते?

शांती : मी त्यांची बाजू घ्यायला आलेली नाही. माझं चर्च कधीच सुटलंय.

रंभा : मग रोह्याहून आलीस कशाला? कॉलेजात चिरायला बेडूक संपले?

शांती : एक वाचलं, ते सांगायला. पोर पोटात असताना त्याच्या पेशी आईच्या रक्तात उतरतात. बारीक, जिवंत कण. काही तिथंच राहतात, वर्षानुवर्षं. काळजातसुद्धा सापडल्यात.

रंभा : माझं पोर खाडीच्या बांधाला पुरलंय. मला गोष्टी नको सांगू गो.

शांती : गोष्ट नाही. तुझ्यात आहेतच, अशी शपथ नाही घेणार. पण पुष्कळ बायांत सापडल्यात.

रंभा : म्हणजे पोर हाय?

शांती : पोर नाही. पेशी. मी खोटं नाही बोलणार.

रंभा : पण त्याच्याच.

शांती : त्याच्याच.

रंभा : मी जेवले तर त्यांना पोचतं?

शांती : तुझ्याच रक्तावर जगतात त्या.

रंभा : आन् चर्चातली भाकर?

शांती : तीही पोटात जिरते. रक्तात जाते.

रंभा : ...फादरला इचारायला पायजे.

शांती : विचारलंस तर नाही म्हणतील. बाप्तिस्मा झाला नव्हता ना त्याचा, आणि त्याशिवाय भाकर देत नाहीत.

रंभा : मग नाय इचारत. त्या दिवशी पण नाय इचारायला पायजे होतं. सरक, मला साडी बदलू दे.