यादीत चाळीसच

…आणि वर मलाच म्हणतात, विल्फ, तुझं वय झालंय, तुला भास होतात! भास? अहो, बत्तीस वर्षं बसगाड्यांची इंजिनं उघडली मी, इंजिनात कधी भूत निघालं नाही, आणि आता स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत, सकाळी अकराला, चांगल्या लख्ख उजेडात… जाऊ दे. ऐका तरी.

तुम्हाला सांगतो, तो कॉम्प्युटर एडनाचा. आमची ही. तिला मधमाश्यांचं वेड, परसात सहा पेट्या, आणि मधमाश्यांच्या मंडळातल्या थ्वेटने तिला ते बेसिक का काय ते, कॉम्प्युटरला हुकूम द्यायची भाषा, शिकवलं. मग काय! रोज सकाळी माश्यांकडे चक्कर, मग मशीनसमोर बसून टकटक, रोजचं एक पान. मी दारातून ओरडायचो, "एडना, माश्या काय तुझी डायरी वाचणारेत?" ती म्हणायची, "तू तरी कुठे वाचतोस!" मला तिने एकच गोष्ट शिकवली. मशीन सुरू करायचं, ते तारीख विचारतं ती घालायची, मग पडद्यावर 'ओके' येतं, त्यापुढे टाइप करायचं 'फाइल्स', की सगळ्या पानांची नावं ओळीने हजर. नावं म्हणजे तारखाच. तेवढंच येतं मला. उघडणं-बिघडणं नाही. मी फक्त यादी बघतो.

फेब्रुवारीत गेली ती. सोळा तारखेला, हॉस्पिटलात, दोन तासांत आटोपलं. माती झाली, हॅम सँडविचं झाली, सगळे आपापल्या घरी गेले, आणि बावीस तारखेला सकाळी मला करमेना म्हणून म्हटलं, बघावी तिची यादी. सुरू केलं. तारीख घातली. फाइल्स. आणि शेवटचं नाव काय? फेब्रुवारी बावीस!

अहो, बाई जाऊन सहा दिवस झालेत, आणि आजचं पान यादीत!

खुर्चीवरून उठलोच मी. तिची खुर्ची ती, उशी अजून तिच्या आकाराची. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. तेवीस! तिसऱ्या दिवशी चोवीस! आणि डिस्क फिरताना आवाज कसा, घसा खाकरल्यासारखा, अगदी तिच्यासारखा. मोजली नावं मी. चाळीस. दुसऱ्या दिवशी एक वाढलेलं, तरी मोजली तर… चाळीसच! रोज एक वाढतंय आणि चाळीसच? सांगा मला, हा कुठला हिशोब? उघडून बघायचं म्हणता? छे! बायकोची पत्रं जिवंतपणी उघडली नाहीत मी, आता मेल्यावर उघडू? आणि आत काही लिहिलेलं असलं तर? मी फक्त यादी बघतो.

शेवटी शेजारच्या बेरिलला सांगितलं. ती म्हणाली, "अरे विल्फ, माश्यांना सांगितलंस ना, मालकीण गेली म्हणून?" म्हटलं, "सांगितलं की! दाराची किल्ली घेऊन प्रत्येक पेटीवर तीनदा ठोकलं, काळी फीत बांधली. आपल्याकडे न सांगता राहतं का कोणी? माश्या उडून जातात." तर ती डोळे बारीक करून म्हणते, "आणि मशीनला?"

हसू नका! तुम्हीही केलं असतं. घेतली किल्ली, मशीनवर ठोकलं, एक, दोन, तीन, आणि म्हटलं, "बाबा रे, एडना गेली." मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं मी ते. माश्यांपुढे पुटपुटलो होतो नुसता. आणि पडद्यावर बघतो तर… ओके. ओके! बायको मेली म्हणून सांगतोय, आणि ओके!

दुसऱ्या दिवशी यादीत पुन्हा नवं पान. मग मात्र मला ते आवडायला लागलं हो. खोटं कशाला बोलू? घाबरायचो, पण अकराची वाट बघायचो. म्हटलं, लिहितेय तर लिहू दे. आहे म्हणजे. एक दिवस चुकवला नाही, रविवारीसुद्धा.

काल थ्वेट आला, पेट्यांची माहिती हवी होती त्याला. मी त्याला सगळं सांगितलं. हसेल वाटलं, तर हा पांढराफटक. "विल्फ, रोज सुरू करत होतास?" म्हटलं, "रोज." म्हणाला, "अरे, मशीन सुरू झालं, तारीख घातली, की त्या तारखेचं कोरं पान आपोआप तयार व्हायचं. तिनेच तसा प्रोग्राम लिहून ठेवला होता. आणि चाळीसच्या वर गेलं की सगळ्यांत जुनं पान पुसायचं, डिस्क भरू नये म्हणून."

"म्हणजे तारीख…"

"तू घालत होतास. भूत-बित नाही. तूच."

"आणि जुनी पानं?"

त्याने खुर्ची ओढली. मग म्हणाला, "आज कितवा दिवस?"

एकोणचाळिसावा. बघा, मी काही उघडलं नाही, फक्त यादी बघितली, आणि बघून बघून बायकोची एकोणचाळीस पानं पुसली! यादीत वरचं एकच नाव तिचं उरलेलं, फेब्रुवारी पंधरा. आज सकाळी अकराला तेही गेलं असतं, माझ्याच हाताने. थ्वेटने आधी ते दुसऱ्या डिस्कवर उतरवलं, मग म्हणाला, "उघडू?" म्हटलं, उघड.

तीनच ओळी. 'कुंपणाजवळच्या पेटीत साखर ठेवली, माश्या बऱ्या आहेत. छातीत आज पुन्हा दुखलं. विल्फला बोलले नाही, विचारलं तर सांगेन.'

विचारलं तर सांगेन! आता मला आठवतोय ना तो दिवस. विचारलं होतं की मी. दारात उभं राहून, चांगलं मोठ्याने विचारलं होतं… चहाला अजून किती वेळ आहे म्हणून.