कॉलेजची मोडलेली बाग

डोंगरातल्या गवताळ धावपट्टीच्या कडेला कौपा शेंगदाणे विकत बसली होती. बाजूच्या फळीवर तिच्या गावच्या शाळेची वेना बाई आणि त्या बाईला शिक्षकांच्या कॉलेजात शिकवलेले ओंगुग्लो सर विमानाची वाट पाहत होते.

“सोडलीस शाळा?”

“पोरंच येईनात, सर. गावानं माझ्या पोटापुरती रताळी लावायला जमीन दिली, तिच्यात मी नुसतं तण वाढवलं. लोक म्हणाले, ही काही टिकायची नाही, हिच्याकडे पोरं कशाला धाडायची?”

“मग लावायची ना रताळी!”

“येतंय कुठं मला?”

“अगं, आपल्या कॉलेजात पहिलं सत्र कुदळीचंच असायचं. ज्याचा वेल जगला नाही, त्याच्या हाती आम्ही खडू दिला नाही. चाळीस वर्षं!”

“आमच्या वेळी त्या बागेच्या जागी कॉम्प्युटरची खोली होती. बाग मोडली कुणी?”

“वरून हुकूम आला.”

“आणि सही?”

“माझी. भांडून भांडून थकलो होतो गं.”

“मीही थकले, सर.”

“एक वर्ष काढ. मी येतो, शिकवतो तुला.”

“या गुडघ्यांनी डोंगर चढणार? थापा मारू नका.”

विमान उतरलं. वेना पिशवी उचलून कौपापाशी आली.

“मावशी, तुमची पोरगी तिसरीत ना? ही शाळेची किल्ली. पाऊस आला की खिडक्या तेवढ्या लावून घ्या.”

कौपाने दोन महिने पोरीला शाळेत धाडलं नव्हतं. तिने मान खाली घालून किल्ली घेतली.