भांड्याच्या मशीनमधली राख

हसू नका, पण आमच्या वारंगा फाट्यावर भांडे धुवायची मशीन पयल्यांदा मीच आणली. आईचे हात दुखायचे म्हणून. एक दिवस तिच्यातून पाणीच बाहीर जाईना. मिस्त्री म्हणला, "ही वस्तू मी पयल्यांदाच पाहून राहिलो."

मंग मीच पेचकस घेऊन बसलो. खालची जाळी काढली अन् हादरलोच! आत राखेचा चिखल, त्यात नारळाचा काथ्या.

"आई, मशीनमंदी राख कुणी टाकली?"

"टाकंल कोन? भांड्याची असंल. राखेनं घासते अन् ठेवते तिच्यात."

"घासून ठेवतीस?"

"मंग? नव्या वस्तूत खरकटं कोन ठेवतं?"

"अगं, तुजे हात दुखतात म्हणून आणली ना ती!"

"व्हय की. म्हणून तर विसळायचं तिला देलं."