खांब धरणारी

शिरूरच्या एसटी स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर दोघी बोलत बसल्या होत्या.

“इमामबी मावशी, हाताला फडकं कशाचं?”

“पहार लागली, दबोरा. कुंपणाचे खांब परत रोवले.”

“दिरानं पुन्हा उपटले?”

“व्हय. तुझा नवरा गेला, आता रान माझं, म्हंतो.”

“मग हेबी उपटंल की.”

“आता उपटून दाखव म्हनावं. कमरंइतके खड्डे खांदले. बुडाला दगड घातले, वर मुरूम टाकला आन् पाणी मारून चांगला चोपला.”

“एकटीनं?”

“शहाबानो होती. खांब तिनं धरले.”

“म्हंजी दिराचीच बायकू?”

“व्हय.”

“आन् त्यो?”

“बांधावरून वरडला, घरी चल म्हनून. ती म्हनली, मुरूम बसल्याबिगर मी खांब सोडायची न्हाई.”