आग्रा रोडवरच्या होडीचा नळ

होडीचं सांगते म्हणजे मी नदीकाठची असेन असं तुम्हाला वाटेल, तर तसं काही नाही. माझं माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, कोरडं गाव, उन्हाळ्यात विहिरीत बादली सोडली की पाण्याच्या आधी तळाचा दगड वाजायचा. सासर हे नरडाणा. तुम्ही शिकलेले, जळगावचे, तुमच्याशी मी शुद्ध बोलायचा यत्न करते, पण मधीच आमचं शे अन्‌ बठ्ठं येईल, शे म्हणजे आहे, शेत म्हणजे आहेत, बठ्ठं म्हणजे सगळं, ते चालवून घ्या. बाप कपाशीत मजुरी करे, आई निंदायला जाय, अन्‌ माझा पाठचा भाऊ भिवा पाठीवर पंप बांधून फवारणीला जाय. मिसरूड फुटत व्हतं त्याला, एवढाच मोठा.

काय सांगू तुम्हाला, त्या भिवाचं सांगितल्याशिवाय पुढचं काहीच समजायचं नाही. आश्विनातलं ऊन, कपाशीवर औषध मारायचं चाललेलं. लोक औषध म्हणतात, मी जहरच म्हणते. तहान लागली. हंडा बांधावर, पण पेला नाही, तर जहर मोजायचं जे माप असतं ते त्यानं घेतलं, चांगलं माती लावून घासलं, विसळलं, अन्‌ त्यातूनच पाणी प्याला. घासलं व्हतं हो त्यानं. आईला तेच सांगत राहिला, माय, मी घासलं व्हतं. धुळ्याच्या दवाखान्यात पोचलो तोवर सांगणंही थांबलं. मला अजून राग येतो, कुणाचा ते कळत नाही, पण येतो.

लग्न होऊन इथं आले तर मालकांचं दुकान फाट्यावर, फवारणीचे पंप दुरुस्त करायचं. आता बोला. ज्या वस्तूनं भाऊ गेला तिच्याच वायसरी बदलत बसायचं. पण मी शिकले, अन्‌ शिकले तशी दोन लाकडी पेट्या केल्या. एकीला लाल फडकं बांधलं, ती जहराची. दुसरी पाण्याची, तिच्यात माठाच्या तोट्या, टाक्यांचे नळ, कोऱ्या नळ्या. जहराच्या पेटीतलं काही पाण्याच्या पेटीत जाणार नाही, पान्हासुद्धा वेगळा. अन्‌ दुसरा नियम, पिण्याच्या पाण्याचं काहीही दुकानातून दुरुस्त होऊन गेलं की त्यातला पहिला पेला दुरुस्त करणाऱ्यानं प्यायचा, गिऱ्हाइकासमोर. लोक हसायचे, मला चाखणारी अक्का म्हणायचे. हसा म्हटलं, दात शेत तर हसा.

आता होडीचं. नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल, वैशाख व्हता, डांबर चपलेला चिकटत व्हतं. शिरपूरकडून एक लांबलचक ट्रक आला हळूहळू, अन्‌ त्याच्यावर ती. पांढरं पोट, पोटाखाली माशाच्या परासारखं लोखंड, अन्‌ शिडाचा खांब आडवा करून दोरांनी बांधलेला, ट्रकच्या पुढं निघालेला. अख्खा फाटा उभा राहिला. चहावाल्याचं दूध उतू गेलं तरी त्याला पत्ता नाही. मालक हातात पान्हा घेऊन तसेच बाहेर आले, म्हणे दख व, हाई काय शे? मी म्हटलं होडी शे. तर म्हणे होडी आठे कशी येई, आठे तं पेवाले पानी नही. खरंच व्हतं, जिथं प्यायला पाणी नाही तिथं होडी.  कागदाची होडी सोडायलासुद्धा आमच्या गावात पाणी नव्हतं, अन्‌ ही घराएवढी होडी आमच्या दारात सावली पाडून उभी.

ट्रकमधून एक साहेब उतरला अन्‌ त्याची बाई. इंदूरकडचे, हिंदी बोलणारे, दोघांचे केस पिकलेले. साहेबानं ती होडी घराच्या अंगणात बांधलेली, वर्षानुवर्षं, स्वतःच्या हातानं, अन्‌ आता मुंबईला नेऊन समुद्रात सोडायची अन्‌ दोघांनीच निघायचं. आमच्या दुकानात नळ्या अन्‌ नोझलं टांगलेली बघून थांबले. झालं काय, बिजासनच्या घाटात ट्रक आदळला, वरच्या फळीवरचा लोखंडी तवा सुटला तो नेमका स्वयंपाकाच्या नळावर. त्या नळाला हातात धरून फवारा मारायची नळी व्हती, तिच्या तोंडाची मान तडकली.

मी म्हटलं, दादा, एवढं काय त्यात, मुंबईत पाहिजे तसा मिळेल. तर साहेब म्हणाला, मुंबईत होडी परवा पाण्यात उतरवायची ठरली शे, तिथं फिरायला वेळ नाही. अन्‌ त्याच्या बाईनं मला बाजूला घेतलं, म्हणाली, तो नळ बॅटरीच्या मोटरवर चालतो, जरासा गळला तरी मोटर आपली आपण सुरू होते, आम्ही झोपलेले असलो तर सकाळी टाकी कोरडी. मग मी विचारलं, समुद्र असतो ना खाली. म्हणाली, तो खारट, प्यायचा नाही, जमीन कधी कधी हप्ताभर दिसत नाही, जे टाकीत तेवढंच. चारी बाजूला पाणी अन्‌ प्यायला नाही. मी म्हटलं, बाई, हे तर आमच्या गावासारखंच झालं, वर आभाळ भरून येतं अन्‌ खाली थेंब नाही. ती हसली, पण परत विचारलं, नळ गळणार नाही ना. तिला भ्या वाटत व्हतं, नवऱ्यासमोर बोलत नव्हती एवढंच.

शिडी लावून आम्ही वर चढलो अन्‌ आत उतरलो. काय सांगू, मी माझ्या आयुष्यात तेवढी शहाणी जागा बघितली नाही. आमच्या दुकानाच्या फळीएवढा ओटा, पण बठ्ठं त्यात. प्रत्येक ताटाला खाच, प्रत्येक कपाटाला कडी. अन्‌ शेगडी दोन खिळ्यांवर टांगलेली, पाळण्यासारखी. मी विचारलं ही अशी का, तर बाईनं तिला बोट लावलं, ती झुलली अन्‌ वरचं पातेलं तसंच्या तसं सरळ. होडी कितीही कलली तरी भात सांडत नाही, म्हणाली. मी परत बोट लावलं. मग परत लावलं. माणसानं किती पुढचा विचार करावा. एका तव्याची कडी तेवढी राहिली व्हती.

खाली आले तर मालकांचं काम सुरू झालेलं. होडी बघून त्यांचंही भान गेलं व्हतं, साहेबाला खूश करायचं डोक्यात. लाल फडक्याच्या पेटीतून त्यांनी एक पितळी तोंड काढलं, घोड्यासकट, घोडा म्हणजे दाबायची खटकी, ते सोड्यानं धुतलं, चिंचेनं घासलं, सोन्यासारखं केलं. साहेब ते हातात फिरवून म्हणत व्हता, वा, हेच पाहिजे, मापसुद्धा बरोबर. मी म्हटलं, हे कुठल्या पेटीतलं? मालक म्हणे, धुतलं ना व. मग मी काही ओरडले नाही. मी म्हटलं, ठीक शे, लावा. लावा अन्‌ आपला नियम शे तसा पहिला पेला तुम्ही प्या.

मालकांनी त्या पितळेकडे बघितलं. त्यांनी भिवाला आमच्या साखरपुड्यात बघितलेलं, त्याच्यासोबत एका ताटात जेवलेले.  साहेबाच्या हातातून ते तोंड काढून घेतलं अन्‌ लाल फडक्याच्या पेटीत टाकलं. साहेब बघतच राहिला. मग मी त्या दोघांना भिवाचं सांगितलं, तुटक्या हिंदीत, जेवढं जमलं तेवढं. बाईनं माझा हात धरला तो सोडलाच नाही.

आता कोरा घोडा दुकानात एकच व्हता, तो मालकांचा जीव. जळगावहून आणलेला, जाड पितळेचा, खोक्यात कागदात गुंडाळलेला, विकायचा नाहीच, नुसती दुकानाची शोभा. कुणी मागितला की म्हणायचे, तो दाखवायचा शे. मी त्या खोक्याकडे बघितलंसुद्धा नाही हो, खोटं सांगत नाही. मालक आपणहून स्टुलावर चढले, खोकं काढलं, फुंकर मारली अन्‌ म्हणे, घे, आते याले समिंदर दखाडू.

मग बसलो तिघं. नोझलच्या चकतीचं भोक बारीक, त्यातून धुकं निघतं, ते मालकांनी मोठं करून धार केली. आटे काही जुळेनात, तर साहेब म्हणाला आटेच नकोत, नळीच चढवू, अन्‌ तो आमच्यापेक्षा हुशार निघाला. चहावाल्याकडून उकळतं पाणी आणलं, नळीचं टोक त्यात धरून मऊ केलं, पितळेवर चढवलं, वरून क्लिप आवळली. वर होडीत चढून नळ बसवला, टाकीत आमच्याच हंड्यातलं पाणी ओतलं. मोटर घुर्र झाली अन्‌ थांबली. आम्ही तिघं कान लावून बसलो. मोटर परत बोलली नाही. एक थेंब गळला नाही.

पहिला पेला मी प्याले. त्या ओट्याजवळ उभी राहून, अन्‌ तेवढ्यात बाजूनं एक मोठा ट्रक गेला तर होडी जराशी डुलली, पायाखाली, खरंच डुलली, अन्‌ शेगडी आपोआप झुलली. मला वाटलं समुद्र असाच असेल. दुसरा पेला बाईनं घेतला. प्यायच्या आधी तिनं मला विचारलं, भावाचं नाव काय म्हणालीस. मी म्हटलं भिवा. तिनं ते नाव घेतलं अन्‌ मग प्याली. 

होडी गेली सोनगीरकडे, दिसेनाशी होईस्तोवर आम्ही बघत राहिलो, मालकांनी पैसे घेतले का नाही तेही मी विचारलं नाही. पुढं त्यांचं काय झालं माहीत नाही. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. जाईस्तोवर ते दसऱ्याला अवजारं पुसताना रिकामं खोकंही पुसायचे अन्‌ म्हणायचे, आपला घोडा पोहत व्हई. आता पोरगा ठिबकच्या नळ्या विकतो, पंपही बॅटरीचे आले, पण दोन पेट्या अजून शेत, लाल फडकं मी दरसाल नवं बांधते. नातू म्हणतो आजी, मुंबईला चल, समुद्र दाखवतो. मी म्हणते, बाबा, गुडघे चालत नाहीत, अन्‌ मी होडीत उभी राहून पाणी प्यालेली बाई शे, मला आता काय दाखवतो. फक्त दुपारी माठातून पेला भरते तेव्हा त्या बाईची आठवण येते. जिथं असेल तिथं तिच्या टाकीचं पाणी न सरो, अन्‌ आमच्या भिवाचं नाव तिच्या तोंडात राहो, कारण आता ते घेणारी मी एकटीच उरले शे.