कारळ्याची चटणी

मंडळी, सुरुवातीलाच एक प्रश्न! देणं अवघड, की घेणं अवघड?

"देणं!" बघा, मागून लगेच आवाज आला! मघाशी दानाची थैली फिरली तेव्हा तिथलेच डोळे मिटलेले होते. प्रार्थनेत असतील हो! असतील!

बरं, प्रभू येशूच्या शिष्याला, पेत्राला विचारू. प्रभू पाणी घेऊन त्याच्यापुढं वाकला, तर हा पाय आखडून बसला! "माझे पाय? छे, छे! तुम्ही नाही धुवायचे!" वादळात पाण्यावर चालायला नावेबाहेर टाकलेला पाय – त्याच पायाची आज लाज वाटली! आणि प्रभू काय म्हणाला? मग तुझा-माझा संबंध नाही!

एवढं कडक? का बरं?

ऐका.

नेवाशाकडं एक खेडं. तिथं शमुवेल मिस्तरी. सुतार! आपल्या प्रभूच्या धंद्यातला माणूस! मंडळीत कुणी गेलं की पुरायची पेटी मिस्तरीनं करायची, आणि एक पैसा घ्यायचा नाही. दुखवट्याच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी भाकरी नेतात, कडू भाकर म्हणतो आपण तिला. तर पहिली कडू भाकर कुणाच्या घरून? मिस्तरीच्या! त्याची बायको तबिता थापायची, हा घेऊन पळायचा. गावात एक राहेलमावशी होती, एकटी, म्हातारी, डब्यात पीठ असलं तर असलं. तिच्या घरी दर सुगीला मिस्तरीची ज्वारी ठरलेली. भला माणूस! मी खोड काढत नाही.

आणि एक दिवस तबिता गेली. चार दिवसांचा ताप, बस.

मिस्तरीनं तिची पेटी स्वतः केली. चार जण आले – "मिस्तरी, फळी धरू द्या." "नको." "निदान खिळे तरी..." "नको म्हटलं ना!" लांब फळी, एकटा माणूस. एक टोक गुडघ्यानं दाबायचा, दुसऱ्या टोकाला करवत चालवायचा. पाहणाऱ्यांना पाहवेना. पण टोक कुणाला धरू दिलं नाही.

कडू भाकर आली. रीत म्हणून तीन दिवस खाल्ली. चौथ्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "आता बास. माझं मी बघतो."

काय बघतोय! मंडळी, भाकरी म्हणजे काय फळी आहे, रंधा मारला की सरळ? पीठ चिकटलं हाताला, तवा तापला नाही, तापला तेव्हा भाकरी जळली! काटकोन बघायचा गुण्या लावून मोजली असती तरी एक बाजू दुसरीला मिळाली नसती! शेवटी माणूस चहात पाव बुडवून जगायला लागला. गालफडं बसली. आणि खायला बसताना सवयीनं अजूनही दोन ताटं घ्यायचा. मग एक, तबिताचं, परत ठेवायचा.

राहेलमावशीला हे कळलं. म्हातारी काठी टेकत, फडक्यात भाकरी बांधून आली.

"मिस्तरी, भाकर आणलीय."

"जेवलोय मावशी."

खोटं! मंडळीचा वडील माणूस, आणि धडधडीत खोटं!

दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. पुन्हा "जेवलोय." तिसऱ्या दिवशी मिस्तरी काय बोलला? "मावशी, तुमच्याच डब्यात खडखडाट. ही भाकरी तुम्ही खा."

मायेनंच बोलला हो. पण म्हातारीनं फडकं पुन्हा बांधलं आणि गेली.

रविवारी देवळात दाराजवळची जागा रिकामी. पाऊस असो, पाय सुजलेला असो, जी बाई कधी चुकली नाही, ती आली नाही. मिस्तरीनं ते पाहिलं. उपासना सुटली तसा घरी गेला आणि माफी मागायला निघाला. काय घेऊन निघाला? सांगा!

ज्वारीचं पोतं! हसू नका. आपणसुद्धा तेच केलं असतं.

"मावशी, ज्वारी आणलीय."

आतून आवाज आला, "जेवलेय, मिस्तरी."

"अहो, राहू द्या घरात..."

"सगळं आहे घरात. तुम्हीच खा."

मिस्तरी पोतं टेकून उंबऱ्याबाहेर उभा. "मावशी, इतकी वर्षं घेत होता. आता काय झालं?"

मग म्हातारी दारात आली.

"तबिता होती म्हणून घेत होते. ती नुसती द्यायची नाही. मागायचीसुद्धा. 'मावशी, चिमूटभर मीठ द्या.' तुमच्या घरात मिठाची बरणी भरलेली, मला काय माहीत नव्हतं? 'मावशी, तुमच्या हातची कारळ्याची चटणी द्या, माझ्या हाताला ती चव नाही.' द्रोणात घालून न्यायची. म्हणून तुमची ज्वारी माझ्या घशाखाली उतरत होती. तुम्ही, मिस्तरी, नुसते देता. माझी भाकर तुम्हाला भिकेची वाटली."

मिस्तरीला आठवलं! कारळ्याची चटणी! रोज ताटात असायची. "कुठून आणलीस?" म्हणून विचारलं, तर तबिता हसून म्हणायची, "आणली. तुम्ही खा." म्हणजे इतकी वर्षं तो या म्हातारीच्या घरचं खात होता! आणि तबिता गेल्यापासून चटणी नव्हती, भाकरीला चव नव्हती.

त्यानं पोतं उचललं. म्हातारीला वाटलं, रागावला, गेला. तिनं दार लोटलं.

थोड्या वेळानं कडी वाजली. दारात मिस्तरी. पोतं नाही, पिशवी नाही. हातात एक रिकामं ताट. दोनातलं ते दुसरं, तबिताचं.

आता मागायचं होतं. पेटी करणं सोपं होतं, मंडळी! मान खाली घालून म्हणाला, "मावशी, भूक लागलीय. वाढता का?"

म्हातारीनं दार पुरतं उघडलं. मग म्हणाली, "हात धू. बस."

आता 'तुम्ही' नाही हं! 'तू'! पोर झालं ना आता ते!

भाकरी जाडजूड, एका बाजूनं करपलेली. वर कारळ्याची चटणी. पहिला घास घेतला आणि मिस्तरीचा बांध फुटला. तबिता गेली त्या दिवशी जे डोळे कोरडे राहिले, ते चटणीवर गळले. मावशी म्हणाली, "रड. पण जेव. चटणी खारट होईल, होऊ दे."

पुढच्या रविवारी दाराजवळची जागा भरलेली होती. आणि नंतर देवळाला बाक करायचा निघाला, तेव्हा मिस्तरी रस्त्यावरच्या माणसाला ओरडून म्हणाला, "अरे, जरा त्या टोकाला धर की!" अख्खा गाव धावला! टोक एक, धरणारे दहा!

आता कळलं, पेत्राला प्रभू एवढं कडक का बोलला? जो घेत नाही, तो वर उभा राहतो. आणि प्रभू तर खाली बसलाय, पाण्याचं भांडं घेऊन. भेट व्हायची कुठं?

तर मागच्या बाकावरचे, आणि पुढचेही! उद्या काय करायचं? दान नंतर. आधी गल्लीतलं ते एक दार आठवा, जिथं तुम्ही फक्त देता. त्या दारी जा. रिकाम्या हातानं जा. आणि म्हणा, "चिमूटभर मीठ आहे का हो?"

घरात बरणी भरलेली असू द्या. तरी मागा!

प्रभू तुमचे हात भरो. पण आधी ते रिकामे करो. आमेन!