चांदी चक्कीत झोपली

...अन् वरून लोक रत्नाबाईलेच हसत. म्हणे, कुत्र्याले कायचं आलं भेव? आता तुमाले सांगतो, आपल्या घरी भितीवर कॅलेंडर राह्यते, आपल्याले आधीपासून मालूम राह्यते का बॉम्ब फुटणार हाय, आपण कानात बोटं घालून मजेत उभे राह्यतो... पण कुत्र्याले कोण सांगणार, का दिवाळी हाय म्हणून? त्याले वाटते, आभायच फुटलं.

तुमसरच्या बाजारात भैय्यालालचं कापडाचं दुकान, मागं घर, अन् रत्नाबाई त्याची घरवाली. चांदी तिची कुत्री. तिची म्हणजे कशी, होती गल्लीचीच, पण भाकर रत्नाबाईच्या हातची खाय, म्हणून तिची. ट्रकले भेत नव्हती, सांडाले भेत नव्हती, पण अठ्ठ्याहत्तरच्या दिवाळीत समोरच्या घनश्यामनं, लोखंडाचं दुकान त्याचं, दुकानापुढं फटाक्यांची लांबलचक लड लावली, अन् चांदी जे सुटली ते थेट जंगलाच्या वाटेनं. मंग नाकाडोंगरीच्या एस.टी.तून उतरलेल्या एकानं सांगितलं, तुमची कुत्री तिकडं लंगडत फिरून राहिली म्हणून. रत्नाबाई गेली, शोधली, अन् कंडक्टरशी भांडून तिले मांडीवर घेऊन आली. अर्ध्या एस.टी.नं तोंडाले पदर लावला, तिनं ढुंकूनही पाह्यलं नाही.

पण एकोणऐंशीची गोष्ट निराळी होती. चांदी व्याली होती. दुकानाच्या जिन्याखाली पिल्लं, डोळे नुकतेच उघडलेले, सारा जीव आईच्या दुधावर. आता ही पुन्हा जंगलात पळाली तं त्या लेकरायनं काय करावं? भैय्यालाल म्हणे, "अवो, बोळ्यानं पाजू दूध." रत्नाबाई म्हणे, "तुमी पाजाल काय, दर घंट्याले उठून?" तवा तो कापड मोजाले लागला.

मंग सुरू झाले उपाय. कानात कापूस घातला, चांदीनं मान झटकली, कापूस खाली पडला तं तो खाऊनच टाकला. डोक्याले भैय्यालालचं उपरणं गुंडाळलं, तं गल्लीतले बाकीचे कुत्रे तिले ओळखत नाही, भुंकून भुंकून हैराण. धानाच्या कोठीत कोंडलं, तं आतून असं रडणं, का शेजारीण विचाराले आली, घरी कोणाचं काही बरंवाईट झालं का म्हणून.

शेवटी गेली घनश्यामकडं. "भाऊ, औंदा लड जरा तिकडं मैदानात लाव नं." घनश्याम हसला अन् नाकातून बोलला, त्याची सवयच ती, "भाभी, साल भर का त्योहार हाय. आवाज नाही केला तं लक्ष्मीले माह्यं दुकान सापडन कसं?" दुकानातले सारे हसले. रत्नाबाई घरी आली अन् पिल्लांपाशी बसून राहिली. आता याले काय म्हणावं? लक्ष्मीले आवाज करून सांगाचं, माणसाले कॅलेंडर सांगते, पण कुत्र्याले कोण सांगणार, का दिवाळी हाय म्हणून?

तुमाले सांगतो, उपाय सापडला तो धनतेरसले, अन् तोही चकलीच्या दळणापायी. रत्नाबाई डबा घेऊन इश्वरच्या आटाचक्कीत गेली, घनश्यामच्या दुकानापासून चार दुकानं सोडून, चांदी मागं मागं. चक्कीचं डिझेल इंजिन, बापा, काय त्याचा आवाज, पुक्-पुक्-पुक्, वरून पट्ट्याची फटफट, माणसानं कानात ओरडलं तरी अर्धंच समजे. दळण चालू असतानी दारापाशीच कोणीतरी बॉम्ब फोडला. रत्नाबाईनं धूर पाह्यला, आवाज नाही आयकला. अन् चांदी? चांदी पिठाच्या डब्याले टेकून जांभई देऊन राहिली होती. रत्नाबाई दळण तिथंच विसरून घरी गेली.

लक्ष्मीपूजनाच्या सांजेले पिल्लं टोपल्यात, टोपलं डोक्यावर, अन् बाई चक्कीच्या दारात. "इश्वर, इंजिन चालू कर."

"वयनी, आज मशीनची पूजा केली. आज ते बंद राह्यते."

"दार काहून उघडं ठेवलं मंग?"

"लक्ष्मी येते नं."

"लक्ष्मीसाठी दार उघडं, अन् धंदा बंद? ते आत येऊन करन काय?"

इश्वरनं इंजिनाकडं पाह्यलं, इंजिनाले घातलेल्या झेंडूच्या हाराकडं पाह्यलं, डोकं खाजवलं, हार काढून खुटीले टांगला, अन् हँडल मारलं.

अन् मंग जे झालं ते साऱ्या बाजारानं पाह्यलं. घनश्यामची लड पेटली, ठिणग्या उडून राहिल्या, कागद उडून राहिले, अन् इकडं चांदी पिल्लांले पाजत आडवी. थोड्या वेळात शेपूट पोटात घातलेला एक कुत्रा आत आला. त्याच्यामागं दुसरा. मंग टोळीच. कायी, पिवळी, कानतुटकी, सारी पिठानं पांढरी होऊन झोपली. भैय्यालाल बोलवाले आला, दारातून ओरडला, "पूजा!" रत्नाबाईले समजलं "दुजा", म्हणे, "दुजे लय आले, तुमीबी या." बिचारा आत येऊन पोत्यावर बसला, अन् एक पिल्लू त्याच्या धोतरात शिरून झोपलं, तं मंग उठलाच नाही. रत्नाबाईनं ते पाह्यलं, अन् इतक्या दिवसांत पहिल्यांदा पोटभर हसली.

घनश्यामही आला तणतणत. "या इंजिनापायी माह्या लडीचा आवाजच नाही आला कोणाले!" अन् आतले कुत्रे पाहून गुपचूप दारातच बसला. पुढच्या दिवाळीले लड मैदानात लावली त्यानं, कोणी न सांगता. अन् चक्की दर लक्ष्मीपूजनाले चालू. इश्वर विचारणाऱ्याले सांगे, "कुत्र्याले कोण सांगणार, का दिवाळी हाय म्हणून? म्हणून इंजिन सांगते, का काहीच नाही झालं म्हणून."

फक्त एक घोटाळा झाला. चांदीले चक्की अशी आवडली, का पिल्लं तिथंच वाढली. त्यातलं एक रत्नाबाईनं एकोडीले बहिणीकडं, धुरपताकडं देलं. एकोडीत काय, भोवती धानाच्या बांध्या, सांज झाली का चिडीचूप. पिल्लू रडे. दूध द्या, रडे, गोदडीत घ्या, रडे. त्याले शांतताच सोसेना. शेवटी ते आपणच धुरपताच्या नवऱ्याच्या, टेकचंदच्या खाटेखाली जाऊन पडलं, अन् डाराडूर झोपलं. कारण टेकचंद असा घोरे, का छपरावरचे कवेलू हालत.

रत्नाबाई भेटाले गेली तं धुरपतानं कपाळाले हात लावला. म्हणे, "जाऊ दे बाई. माह्या लग्नापासून आयकून राहिली मी हे. कोणाले तरी एकदाची झोप लागली ह्यांच्या घोरण्यानं."